ताईंनी आईला शिकवलं

माझी आई घोलवडच्या चिकूवाड्यांमध्ये मजुरीला जायची. उतरवलेले चिकू निवडायचे, लहान-मोठे वेगळे करायचे आणि करंड्या भरायच्या, हे तिचं काम. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. पोराला शिकवणं हे शिकलेल्यांचं काम, आपण फक्त त्याला न्हाऊ-माखू घालून वेळेवर पाठवायचं, असं ती मानायची. हा समज आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीताईंनी घालवला. त्यांनी मला शिकवलं, त्याहून जास्त माझ्या आईला शिकवलं. म्हणून त्यांचं ऋण माझ्या एकट्यावर नाही, सगळ्या घरावर आहे.

ताई कोसबाडच्या तालमीत तयार झालेल्या. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि 1945 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, बोर्डीला येऊन ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम बोर्डीहून कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून यायची? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणात शाळा भरवली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आमच्या किनाऱ्यावर मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मी चार वर्षांचा असेन. एकदा मला न्यायला आलेली आई दारातूनच म्हणाली, “ताई, हा नुसता खेळतोय. पाटी कधी देणार हातात?”

“बोटांत जोर येऊ दे गं आधी. घरी वालाच्या शेंगा कोण सोलतं?”

“मीच.”

“मग आजपासून याला शेजारी बसव. आणि गप्प बसून सोलू नकोस. बोल त्याच्याशी.”

त्या संध्याकाळपासून आमची शाळा ओट्यावर भरू लागली. आई शेंग माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “फोडू नको. आत दाणे किती, ते आधी सांग.” मी अंगठ्यानं शेंगेवरचे उंचवटे चाचपायचो, आकडा सांगायचो, मग शीर ओढून शेंग उघडायचो. एखादा दाणा किडका निघायचा, एखादा भरलाच नसायचा. तो मोजायचा की नाही, यावर आमचा खरोखरीचा वाद व्हायचा. पुढे पेन्सिल धरायला मला त्रास झाला नाही, त्याचं मूळ या शेंगांत आहे.

घरची बोली सोडून पुस्तकी मराठीत बोला, असं ताईंनी कधी सांगितलं नाही. उलट आजीच्या गोष्टी तिच्याच बोलीत ऐकू द्या, म्हणायच्या. शाळेची भाषा मागाहून येते, आणि आलीही.

एके दिवशी ताईंनी आईलाच अंगणवाडीत बोलावलं. तिच्यापुढे चिकूंची पाटी ठेवली आणि आम्हाला म्हणाल्या, “आज या तुमच्या बाई.” आई आधी पदराआड लाजली. मग तिनं एकेक चिकू तळहातावर फिरवून दाखवला: हा मोठा, हा मधला, हा डागी, याचा देठ ओला. आम्ही तिच्यासारखे ढीग लावले. चुकलं की ती “का?” एवढंच विचारायची. रोज वाडीत करते ते काम म्हणजे शिकवण्याजोगं ज्ञान आहे, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर माझ्या धाकट्या बहिणीला तिनं कुणी न सांगता तसंच वाढवलं.

मी आता प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घेतो. तीन वर्षांच्या मुलाकडून पानंच्या पानं गिरवून घेणारे पालक भेटतात, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, काळजी वाटते. मी त्यांना आईची गोष्ट सांगतो. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला जवळ घ्या, विचारा, त्याचं ऐका. यासाठी ना पैसा लागतो, ना वेगळा वेळ.

ताई निवृत्त होईपर्यंत मानधनावर राहिल्या. अंगणवाडी सेविकांना आजही पगार नाही, मानधनच मिळतं. देशातल्या लाखो मुलांचा पाया ज्या बाया घालतात, त्यांना शिक्षिकेचा दर्जा आणि शिक्षिकेचा पगार मिळायलाच हवा. तुमच्या वस्तीतल्या सेविका त्यासाठी रस्त्यावर उतरतील तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहा.