दहा आठवडे आधी आलेले बाळ

सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आपल्याकडची जुनी माणसे अजूनही सांगतात. हे खरे नाही. बाळ पोटात जितके दिवस पुरे करील तितके त्याचे जगणे सोपे. ३७ आठवड्यांच्या आत जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांत सर्वांत जास्त आपल्या देशातली, ३० लाखांच्या आसपास. यांतली पुष्कळ आता वाचतात. पण वाचल्यावर पुढे काय, हे घरात कुणाला ठाऊक नसते. म्हणून हे चार शब्द.

आमची धाकटी ३० व्या आठवड्यात जन्मली. वजन १२०० ग्रॅम. काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा मेंदूला इजा असल्याचे सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेले होते. पुढे दुपटे बदलताना पाय सहज फाकत नाहीत, मुठी सारख्या आवळलेल्या असतात, हे तिच्या आईने हेरले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, आमचा बाळूसुद्धा उशिराच चालला." एका डॉक्टरांनीही वर्षभर वाट पाहायला सांगितले.

तेवढे थांबायला मन तयार होईना. वस्तीतल्या आशाताईंनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता दिला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रे. तिथे पैसे पडत नाहीत. तिथल्या बाईंनी आधी वय मोजायला शिकवले. अशा बाळाचे वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून धरायचे. त्या हिशेबाने पाच महिन्यांची आमची मुलगी जेमतेम पावणेतीन महिन्यांची भरली.

त्या तारखेनंतर ३ ते ५ महिन्यांत निरोगी बाळाची मान, हात, पाय बारीक, गोलसर असे सतत हलत असतात. बाळाला उताणे ठेवून, चित्रीकरण करून हे पाहतात. या हालचाली नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा. पूर्वी हे निदान वर्ष-दोन वर्षांनी होई. सहा महिन्यांच्या आतही ते करता येते आणि संशय येताच उपचार सुरू करावेत, असे २०१७ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मांडले. मेंदूची जखम पुसली जात नाही. पण कोवळा मेंदू वापराप्रमाणे घडत जातो.

उपचार म्हणजे हातपाय ओढणे नव्हे. दुसऱ्याने हलवून मूल शिकत नाही, त्याने स्वतः धडपडावे लागते. जागेपणी आपल्या छातीवर पालथे घ्यायचे, म्हणजे ते मान उचलते. खुळखुळा समोर मधोमध धरायचा आणि हात पुढे येईपर्यंत थांबायचे. हे रोज, थोडे थोडे, दिवसातून अनेकदा. पांगुळगाडा मात्र आणू नये.

खरी अडचण इथेच येते. "आई आहे ना घरी" म्हणून सगळा भार बाईवर पडतो. रात्रीची जागरणे, स्वयंपाक, केंद्राच्या खेपा आणि वर हे व्यायाम एकटीने किती दिवस करावेत? आम्ही लिपिक माणूस, हिशेबाची सवय. एक वही घातली. कचेरीत जाण्यापूर्वी पाळी आमची, दुपारी आईची, संध्याकाळी थोरल्या मुलाची. कुणी किती वेळ दिला ते वहीत लिहायचे. ज्या घरी मजुरी बुडवून केंद्रात जावे लागते, तिथे वस्तीतल्या बायका आळीपाळीने सोबत जातात. तेही आता बसवले आहे.

मुलगी आज चार वर्षांची आहे. डावा पाय ओढते, स्प्लिंट घालते, पण अंगणवाडीत आपल्या पायांनी जाते. सगळ्याच मुलांचे इतके होते असे नाही, हेही आम्ही पाहिले आहे. तरीही बंधूंनो, आपल्या घरी किंवा शेजारी असे बाळ आले तर पहिले वर्ष वाट पाहण्यात घालवू नका. बाळाला तपासायला न्या, आणि घरी आल्यावर व्यायामाची एक पाळी स्वतः घ्या.