नव्या घरातली अर्धी झोप

आपल्याकडे नव्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली, एक भुकेला पुरुष पालथा निजवतात. मत्स्यपुराणात त्याची गोष्ट आहे. अंधकासुराशी लढताना शंकराच्या कपाळावरून घामाचा थेंब जमिनीवर पडला आणि त्यातून एक अक्राळविक्राळ प्राणी उभा राहिला. त्याची भूक काही केल्या भागेना, तो तिन्ही लोक गिळायला निघाला. मग सगळ्या देवांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं. जो देव ज्या अंगावर बसला तो तिथेच राहिला. खाली दबलेल्या त्या जिवाने विचारलं, मला हलताही येत नाही, तर मी खाऊ काय? देवांनी त्याला वर दिला, की जिथे कुणी घर बांधेल तिथला बळी तुझा आणि तिथली पूजाही तुझीच. हाच वास्तुपुरुष.

या गोष्टीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की त्याला कुणी मारलं नाही. नव्या जागेत पाऊल टाकणाऱ्याच्या पोटात भीती असणार, हे गोष्ट रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक असावं. त्यांनी त्या भीतीला घरातलाच एक कोपरा दिला, तिच्यापुढे पान वाढलं आणि मग वर संसार मांडला. वास्तुशांतीतही खणताना मेलेल्या किडामुंगीची आणि तोडलेल्या झाडांची आधी क्षमा मागतात. म्हणजे घराची पहिली पूजा मुळात धाकधुकीचीच पूजा आहे.

आणि तरी याच घरात आपण एकमेकांना बजावत राहतो, ‘शुभ बोल, वास्तू तथास्तु म्हणत असते.’

डोंबिवलीतली आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा इमारत पाडायला निघाल्यामुळे सुटली आणि आम्ही बदलापूरला स्वतःचा फ्लॅट घेतला. वीस वर्षांचं कर्ज, रजिस्ट्रेशन, इंडेक्स टू, पझेशन, किल्ल्या. सगळं रीतसर झालं. मिस्त्रीने ओट्याच्या बाजूची एक फरशी सुटी ठेवली होती, तिच्याखाली गुरुजींनी वास्तुप्रतिमा ठेवली. दूध उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य होतं, ‘हे घर आपल्याला झेपेल ना?’ ते मी तोंडातून बाहेर काढलं नाही. नवराही त्या दिवशी नको इतकं हसत होता. सासूबाई देवापुढे बसून होत्या. तिघांच्याही पोटात तेच वाक्य होतं हे मला फार उशिरा कळलं.

घर बदलण्याचा ताण मोजायचा प्रयत्नही माणसांनी करून पाहिलाय. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, घरासारखं मोठं कर्ज ३१, राहणीमानातला बदल २५, राहत्या घराचा बदल २०. सुट्टीवर जाण्यालाही त्यांनी १३ गुण दिलेत. आनंदाच्या गोष्टींनाही त्यांनी यादीत घेतलं याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मनासारखं झालं तरी माणूस हलतोच, हे त्यांनी आकड्यांत मांडून ठेवलं. फक्त घर बदलणाऱ्याला कर्ज, राहणी आणि पत्ता असे तीन वेगळे धक्के बसत नाहीत. ते एकदमच बसतात, बहुधा रात्री दोन-अडीचला.

रात्रीचं तर विचारूच नका. नव्या जागेत झोप का लागत नाही याचा शोध घेणाऱ्यांनी जे सांगितलंय त्याने माझा मोठा भार हलका केला. प्रयोगशाळेतली पहिल्या रात्रीची झोप नीट नसते हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना जुनंच माहीत होतं. बरेचजण त्या रात्रीची नोंद बाजूलाच टाकत. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी नेमकी तीच टाकलेली रात्र उचलली. त्यांना असं दिसलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्याइतका खोल झोपत नाही. खुट्ट झालं की आधी तो दखल घेतो. डॉल्फिन आणि कित्येक पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, त्याचाच एक पुसट अंश आपल्यात उरलाय म्हणायचा. पुढच्या खेपेला तीच माणसं त्याच जागी झोपली तेव्हा हा फरक मावळला होता.

हे वाचल्यावर मला स्वतःची कीव येणं थांबलं. लिफ्टच्या टुंग आवाजाने मी दचकत होते, पाण्याचा पंप सुरू झाला की उठून बसत होते, मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या बेडकांनी माझा जीव खाल्ला होता. डोंबिवलीत खिडकीखालून लोकल जायची, कर्कश भोंगा देत, आणि मी कूसही बदलत नसे. इथे माझ्या आत कुणीतरी पहाऱ्याला बसलं होतं. घर वाईट निघालं असा त्या जागरणाचा अर्थ मी लावत होते. खरं तर त्या पहारेकऱ्याला अजून इथले आवाज ओळखीचे झाले नव्हते, इतकंच. घराबद्दल त्याचं काही मतच नव्हतं.

अशाच एका रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. सासूबाई ‘काच, जपून’ असं मार्करने लिहिलेल्या खोक्यावर बसलेल्या. मांडीवर सुतळीचा गुंता. सामानाला बांधलेल्या सुतळ्या कापून फेकायच्या असं आमचं ठरलं होतं, पण त्यांनी त्या सगळ्या जमवून ठेवल्या होत्या आणि आता एकेक गाठ नखाने सोडवून बोटांवर गुंडाळी करत होत्या. अंगठ्याचं नख सुतळीच्या कुसांनी लाल झालं होतं.

“झोप नाही येत का, आई?”

“येते. पण लागत नाही.” पुढची गाठ सुटेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग ओट्याच्या बाजूच्या त्या फरशीकडे बघत हळूच म्हणाल्या, “अगं, बोलू नये इथं. पण मला भीती वाटते.”

मी खाली फरशीवरच बसले. “मलाही वाटते, आई.”

मग त्या रात्री त्या बोलल्या. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. १९६० च्या सुमारास धरणाचं पाणी चढणार म्हणून गावंच्या गावं उठली. काहींना जवळपास जागा मिळाली, काहींना ठाणे, रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांत. यांचं कुटुंब कुलाब्यात आलं, आज आपण त्याला रायगड म्हणतो. त्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या. घर आपल्याच हातांनी उतरवलं, दाराची चौकटसुद्धा ट्रकवर चढवली, कारण ती पाण्यात बुडलेली वडिलांना बघवली नसती. सोबत म्हैस.

“नव्या जागी म्हशीनं पान्हा चोरला बघ,” त्या म्हणाल्या. “कासेला हात लावला की अंग आखडून उभी. भांड्यात थेंब नाही. आम्ही पोरं भुकेली, वडील चिडलेले. काठी घेऊन उठले तर आजी आडवी आली. म्हणाली, मारू नका तिला, तिला अजून ठाव लागला नाही. वैरण टाका पुढ्यात आणि बसा तिच्याजवळ. मग आजी रोज बसायची. पाठीवरून हात फिरवायची आणि गावाकडचं बोलत राहायची. कुणाचं रान कुठं, नदीचा उतार कुठला, देवळामागचा आंबा कसा. जणू म्हशीलाच सांगत होती.”

“मग दूध दिलं?”

“दिलं की. कधी ते आठवत नाही. आजीचं बोलणं तेवढं आठवतं.”

पशुवैद्यक याला दुजोराच देईल. पान्हा सुटायला शरीरात ऑक्सिटोसिन स्रवावं लागतं आणि अनोळखी गोठ्यात जनावर बावरलं की ते पुरेसं स्रवत नाही. कासेत दूध असतं, ते खाली उतरत नाही. त्या आजीला हे रसायन माहीत असायचं कारण नव्हतं. पण गाव बुडाल्याचं दुःख माणसांच्या देखत बोलायची सोय नसताना तिने ते म्हशीच्या कानात बोलून घेतलं. म्हैस कशाने निवली, आणि आजी कशाने, हे कुणी वेगळं करून सांगू शकेल असं मला वाटत नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात अशुभ बोलायची मुभा झाली. जेवणं झाली की आम्ही तिघं आपापल्या शंका सांगायला लागलो आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून मी त्या लिहायला घेतल्या. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. मनात सगळ्या शंका सारख्याच अंगावर येतात, पण कागदावर उतरल्या की त्यांतल्या बऱ्याच जणींना पत्ता असतो. कुणाला तरी जाऊन विचारलं की उत्तर मिळतं. रात्री आईंना काही झालं तर डॉक्टर कुठे? नवरा दुसऱ्याच दिवशी जवळच्या दवाखान्यापर्यंत चालत जाऊन आला, रात्रपाळीला कोण असतं ते विचारून आला. नंबर फ्रिजवर लागला.

सगळ्यात मोठी शंका पाण्याची होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराच्या आसपास प्रवासी होते, सगळ्यांना बोटींनी सुखरूप काढलं. आम्ही डोंबिवलीत टीव्हीसमोर श्वास रोखून बसलो होतो. चहूकडे तपकिरी पाणी आणि मध्ये गाडीचे डबे, हे दृश्य माझ्या डोळ्यांतून गेलेलंच नाही. त्याआधी २६ जुलै २००५ लाही उल्हास नदीने या पट्ट्यात घरं बुडवली होती. ज्यांचं गाव एकदा पाण्यात गेलंय त्या बाईला आपण नदीकाठच्या शहरात आणलं, या विचाराने माझी झोप उडायची, आणि हे त्यांना सांगायचीही चोरी होती.

शेवटी नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहिला. त्यात दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी. आमची इमारत लाल रेषेच्या बाहेर निघाली. मी त्या रेषेवर बोट ठेवून फोटो काढला आणि घरी येऊन सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. “नदी कुठली यातली?” दाखवली. “आणि आपण?” दाखवलं. “लांब आहे तशी,” त्या म्हणाल्या.

घर घेणाऱ्या प्रत्येकाने हा नकाशा पाहावा असं मला मनापासून वाटतं, आणि तोही व्यवहार होण्याआधी. धीर देणारी माणसं ‘काही होत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्याने रात्र निभत नाही. रात्र निभायला माहिती लागते.

पत्ता नसलेल्या शंका मात्र वहीत तशाच राहिल्या. डोंबिवलीतली माणसं आता सणावारापुरतीच उरतील का? हप्ते फिटेपर्यंत आपण किती म्हातारे झालेले असू? यांना उत्तर देणारं कार्यालय नाही. त्यांच्या बाबतीत माझ्या उपयोगी पडलं ते हातांचं काम. सगळी खोकी एकदम उघडायची नाहीत असं सासूबाईंनी ठरवलं आणि आधी ओट्याजवळची मांडणी लावली, हुबेहूब जुनी. शेगडीच्या डावीकडे मिसळणाचा डबा, त्यामागे तेलाची बुधली, वरच्या फळीवर चहा-साखर. ऐसपैस ओटा मिळूनही सगळं डोंबिवलीइतक्याच जागेत दाटीने बसवलं. नवरा म्हणाला, इतकी जागा आहे, पसरून ठेवा की. त्या म्हणाल्या, पसरेल हळूहळू. आणि खरंच, फोडणी करताना न बघता हात मोहरीवर जायला लागला तो दिवस मला वास्तुशांतीपेक्षा मोठा वाटला. दिव्याच्या बटणांना अजून वेळ लागतोय. बाथरूमचा दिवा लावायला गेलं की माझा हात अजूनही भिंतीच्या उजव्या बाजूला जातो, जिथे इथे काहीच नाही.

बाहेरही तसंच. ज्येष्ठात स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. सासूबाई त्यांच्यातल्या एकीकडूनच घ्यायला लागल्या. ती बाई कोणत्या पाड्यावरून येते, तिकडे पाऊस कधी लागतो, हे सगळं त्यांना ठाऊक झालं. जिभा जांभळ्या झाल्या तसे आम्ही इथले दोन-तीन रस्ते नावाने ओळखायला लागलो.

मग आषाढाचा पाऊस आला, दिवसरात्र. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघंही खिडकीशी. सोसायटीच्या ग्रुपवर नदीची पातळी येत राहते. इथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर, हे आता मला माझ्या हप्त्याच्या तारखेइतकं पाठ आहे. पोटात गोळा येतो. तो येणारच, मी आता त्याला हुसकत नाही. सासूबाईही चोरून विचारत नाहीत. खिडकीतून वळून सरळ, मोठ्याने विचारतात, वास्तूला ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात, “किती झालं गं पाणी?”

“चौदा, आई. काल साडेचौदा होतं.”

“म्हणजे उतरतंय. लाव मग कुकर.”