सैल पकड

एखादी गोष्ट बिघडली म्हणजे मनुष्य प्रथम तिच्या वयाकडे बोट दाखवितो. घड्याळ मागें पडलें, तें जुनें झालें; गुडघा दुखला, तो म्हातारा झाला! वयावर आरोप ठेवण्यांत मोठी सोय असते. मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाहीं.

पालम येथील आमच्या मामांनीं हाच न्याय स्वतःच्या डोळ्यांना लावला होता. त्यांच्याजवळ पॉइंट बावीसची एक जुनी, परवान्याची रायफल आहे. या जातीच्या बंदुकींत आघात काडतुसाच्या मध्यावर होत नाहीं, कडेवर होतो. काडतूस लहान, धक्का नाममात्र. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटरांच्या ज्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तीही याच काडतुसाची. तेथें दुर्बीण चालत नाहीं. मामांच्या रायफलीवर मात्र ती आहे. वर्षभर तिची गोळी आज डावीकडे जाई, तर उद्यां उजवीकडे. मामांनीं दुर्बिणीच्या चकत्या फिरवून पाहिल्या, उपयोग शून्य. अखेर ते म्हणाले, "डोळे गेले रे माझे. आतां परवाना परत करून टाकतों."

ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडचें हें वाक्य केवळ बंदुकीविषयीं नव्हतें.

रायफल रिकामी असल्याची दोनदां खात्री करून आम्हीं दुर्बीण बोटांनीं हलवून पाहिली. ती हलली! किंचितच, पण हिशोब पाहावा. दुर्बिणीच्या दोन पकडींत १०० मिलिमीटर अंतर असतां एक पकड ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरांवर नेम ५० मिलिमीटरांनीं चुकतो. आणि ऑलिंपिकच्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें! ज्याची बैठकच सरकते, त्याची दिशा चकत्यांनीं कशी सुधारावी?

मग पकडी उतरविल्या. बंदुकीच्या पाठीवरील खाचा आणि स्क्रूंचे आटे यांवरील जुनें तेल स्पिरिटनें पुसून काढलें. आट्यांना निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब दिला. नंतर समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनें, थोडेथोडे आवळले. खरी कसोटी येथेंच असते. एक बाजू पुरी आवळून दुसरीकडे वळलें, तर नळीवर ताण पडतो. सर्व बळ लावलें, तर ती चेपते, नाहींतर आटे जातात. पकड घट्ट हवी, गळचेपी नको. एक रात्र सर्व तसेंच ठेविलें.

दुसऱ्या दिवशीं, परवान्याच्या अटी सांभाळून, मातीच्या उंच ढिगापुढें कागद लावला. मामांनीं सावकाश पांच गोळ्या झाडल्या. पांचही छिद्रें मध्यापासून चार बोटें दूर होतीं. पण तीं सारीं एका पेढ्याएवढ्या जागेंत होतीं. आतां कोठें चकत्या फिरविण्यास अर्थ आला. मामा कांहीं बोलले नाहींत. परवाना परत करण्याची भाषा मात्र पुन्हा ऐकूं आली नाहीं.

चुकण्याचेही दोन प्रकार आहेत. जो एकाच बाजूस चुकतो, त्याला वळण देतां येतें. जो विखरून चुकतो, त्याला आधीं आधार द्यावा लागतो. आम्ही अध्यापक मंडळी दर कांहीं वर्षांनीं अभ्यासक्रमाच्या चकत्या मोठ्या उत्साहानें फिरवितों. वर्गांतल्या मागच्या बाकावरील मुलगा कशाला धरून बसला आहे, आणि तें हलतें आहे काय, हें मात्र बोट लावून पाहण्यास आम्हांला वेळ नसतो.