अक्काचा हुंकार

गेल्या उन्हाळ्यांत लागोपाठ तीन रात्री मला अक्काचा हुंकार ऐकूं आला नाहीं. दोष अक्काचा नव्हता, माझ्या कानांचाहि नव्हता. दोष हेडसेटचा आहे अशी माझी पक्की समजूत होती, आणि तो बिचारा तर शेवटीं सर्वांहून निर्दोष ठरला.

अक्का माझी थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूनें तिची दृष्टि गेली, त्याला आतां आठ वर्षें झालीं. ती पुण्यास सदाशिव पेठेंत असते आणि मी येथें कारेगांवीं. चिरंजीव रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस लागले, तेव्हां त्यांच्या मागोमाग आम्हीं उभयतांनीं पुणें सोडलें. अंतर म्हणाल तर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचें. पण नगर रस्त्यावरील वाहनांची गर्दी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना तें रोज कां ओलांडवत नाहीं हें सांगावयास नको. म्हणून रोज रात्रीं साडेआठ वाजतां मी संगणकापुढें बसतों, हेडसेट डोक्यावर चढवितों आणि अक्काला पुस्तक वाचून दाखवितों. तिकडे तिच्या सूनबाई तिच्या उशाशीं टॅब्लेट ठेवून देतात. मोबाईलवर हें होत नाहीं असें नाहीं. परंतु एका हातांत मोबाईल व दुसऱ्या हातांत पुस्तक धरल्यावर पान उलटण्यास तिसरा हात आणावा कोठून?

वाचणारा मी असलों तरी वाचन चालतें तें अक्काच्या हुंकारावर. दर दोन-चार वाक्यांनीं पलीकडून ‘हूं’ येतें. त्या एका अक्षराच्या किती तऱ्हा! एक ‘हूं’ म्हणजे ‘समजलें, पुढें चल’. एक म्हणजे ‘हा लेखक थापा मारतो आहे’. आणि एक अगदीं हळू येतें, तें आलें कीं मी आपण होऊन थोडा थांबतों.

माझा संगणक लिनक्सवर चालतो. तो जुना झाला म्हणून मी भंगारांत काढावयास निघालों होतों, पण अक्काच्या मुलानें, म्हणजे माझ्या भाच्यानें, त्यावर ही प्रणाली बसवून त्याला नवें आयुष्य दिलें. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला, आणि पुढें जगांतील हजारों लोकांनीं तींत भर घातली. ती फुकट मिळते आणि तिचा सारा अंतर्भाग कोणासहि उघडून पाहतां येतो. आपल्या सी-डॅकनेंहि २००७ सालीं ‘बॉस’ या नांवानें तिचा एक भारतीय अवतार काढला. मला तिची आवडलेली गोष्ट निराळीच आहे. विचारलें असतां ती उत्तर देते. मात्र विचारावें कसें, तें आपणांस ठाऊक पाहिजे.

मे महिन्यांत भाचा येथें चार दिवस राहून गेला. निघण्यापूर्वीं त्यानें लिनक्सची नवी आवृत्ति घातली, आणि टेबलामागें लोंबणाऱ्या तारांचें जाळें पाहून, ‘मामा, हें काय!’ म्हणत तेंहि नीटनेटकें करून दिलें. त्याच रात्रीं हेडसेट मुका झाला.

पहिल्या रात्रीं मीं तेंच केलें, जें सर्व जण करतात. तार उपटली, पुन्हां खुपसली; संगणक बंद केला, पुन्हां चालू केला; आवाजाच्या खिडकींत जें जें दिसलें त्यावर टिचकी मारून पाहिली. या शेवटच्या उद्योगाची शिक्षा मला पुढें मिळावयाची होती. इतक्यांत सूनबाईंचा मोबाईलवर फोन आला. ‘मामा, तुमचा आवाज इकडे छान येतो आहे. आई म्हणतात, वाचा.’ पडद्यावर बसविलेल्या कॅमेऱ्याला एक बारीकसा माइक असतो. हेडसेट नाहींसा झाल्यावर संगणकानें आपण होऊन तो कामास लावला होता. म्हणजे अक्काला मी ऐकूं येत होतों, पण मला ती ऐकूं येत नव्हती. मोबाईल कानाशीं धरून पाहिला, तर माझाच आवाज तिकडून उशिरानें परत येऊन मला वेडावूं लागला. तो नाद मीं सोडला.

हुंकारावांचून वाचणें किती कठीण असतें तें मला त्या तीन रात्रींत कळलें. वाक्यें उगाच धांवूं लागलीं. विनोदाच्या जागीं किती थांबावें तें समजेना. तिसऱ्या रात्रीं तर माझ्या हातून एक पाप घडलें. प्रकरण होतें एका तान्ह्या मुलाच्या दुखण्याचें. मी थकलों होतों, आणि पलीकडे कोणीच नाहीं असें मनाला वाटूं लागलें होतें. मीं दोन पानें गाळलीं.

दुसऱ्या दिवशीं शिरूरला जाऊन नवा हेडसेट आणण्याचा बेत केला. पिशवी हातांत घेतली, तोंच आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, ‘जुना खरोखर बिघडला आहे का?’ हा प्रश्न तीन दिवस मीं स्वतःला विचारला नव्हता. चिरंजीवांच्या लॅपटॉपला तो जोडून पाहिला, तर खणखणीत बोलूं लागला! नळाला पाणी आलें नाहीं तर शहाणा मनुष्य आधीं टाकी पाहतो, मी मात्र नवी तोटी विकत आणावयास निघालों होतों. पिशवी खुंटीला लावली आणि कामासाठीं बंगळूरास गेलेल्या भाच्याला फोन लावला.

येथें एक खुलासा केला पाहिजे. जुन्या तऱ्हेच्या हेडफोनची वाटोळी पिन संगणकांत खोंचली कीं ध्वनि तयार करण्याचें काम संगणकांतील साऊंड कार्ड करतें. हेडफोन हा केवळ त्याचा कर्णा. यूएसबीचा हेडसेट मात्र आपलें साऊंड कार्ड आपल्याबरोबर घेऊनच येतो. त्याच्या पोटांत एक चिमुकली चिप असते. संगणकाकडून तिच्याकडे ध्वनि येत नाहीं, आंकडे येतात, बहुधा सेकंदाला ४८,००० या वेगानें; त्यांचा ध्वनि ती बनविते. त्यासाठीं लागणारी वीजहि तिला त्याच तारेंतून मिळते. वीज आणि निरोप एकाच तारेंतून नेणाऱ्या या यूएसबी जोडणीचा पहिला नियमग्रंथ १९९६ सालीं निघाला, आणि तिच्या जनकांपैकीं एक, अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. माझा घोटाळा या एका तारेच्या सोयींतच दडला होता.

‘मामा,’ भाचा म्हणाला, ‘आवाज कोठपर्यंत पोंचतो आणि कोठें थांबतो, एवढेंच पाहूं.’ त्यानें सांगितलेली पहिली आज्ञा होती ‘एलएसयूएसबी’. ती लिहितांच यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी आली. तींत हेडसेटचें नांव होतें. म्हणजे तार शाबूत. दुसरी आज्ञा ‘एप्ले’, तिच्यापुढें आडवी रेघ आणि ‘एल’ हें अक्षर. ही साऊंड कार्डांची यादी; तींत हेडसेट नव्हता! पाहुणा दारांत आला, त्यानें नांवहि सांगितलें, पण त्याला घरांत घेतलेलें नाहीं, असा हा प्रकार. कां घेतलें नाहीं, हें ‘डीमेसेज’ या आज्ञेनें कळलें. ती संगणकाच्या गाभ्याची रोजनिशीच म्हणावी. त्या लांबलचक रोजनिशींत एक ओळ अशी होती, कीं या उपकरणाला लागणारी वीज या जोडणीवर नाहीं, सबब त्याची मांडणी नाकारली आहे.

‘हेडसेट कशाला जोडला आहे?’ भाच्यानें विचारलें. मीं टेबलामागें वांकून पाहिलें. संगणकाच्या एका तोंडाला चार तोंडांचा एक छोटा हब लावलेला होता आणि हेडसेट त्या हबाला. यूएसबीच्या मूळ नियमांप्रमाणें संगणकाच्या तोंडाशीं ५०० मिलिअँपियर वीज मिळते. पण स्वतःची वेगळी वीज नसलेला हब आपल्या प्रत्येक तोंडाला अवघी १०० देऊं शकतो. मीं हें दृश्य फोनवर वर्णन केलें. बंगळूराकडून क्षणभर कांहींच आवाज आला नाहीं.

‘मामा, तो हब मींच लावला.’

तीन दिवस मी नव्या आवृत्तीला शिव्या मोजीत होतों, आणि कारण निघालें नीटनेटकेपणा!

हेडसेट थेट संगणकाला जोडला, तेव्हां यादींत त्याचें कार्ड आलें. तरीहि आवाज नाहींच. आतां पाळी आली वरच्या मजल्याची. गाभ्याजवळचें काम ‘अल्सा’ नांवाची व्यवस्था पाहते. तिच्यावर पूर्वीं ‘पल्सऑडिओ’ असे, अलीकडे बऱ्याच ठिकाणीं विम टायमन्स यांनीं रचलेलें ‘पाइपवायर’ असतें. कोणाचा आवाज कोणत्या कार्डाकडे धाडावयाचा हा कारभार त्याच्याकडे. त्यानें अक्काचा आवाज एचडीएमआयच्या तारेनें पडद्याकडे धाडला होता, आणि माझ्या पडद्याला तर कर्णाच नाहीं. तीन रात्री माझी बहीण त्या मुक्या कांचेंत बोलत होती! पाइपवायरला तरी काय बोलावें? पहिल्या रात्रींच्या टिचक्यांत तो हुकूम मींच दिला होता, आणि दिलेला हुकूम तें विसरत नाहीं. हेडसेटच्या नांवावर टिचकी मारून चांचणीचें बटण दाबलें. डाव्या कानांत आवाज आला, मग उजव्या.

साडेआठ वाजले. पुस्तक उघडून मी कांहीं म्हणणार, तोंच अक्काचे शब्द कानीं पडले.

‘काल दोन पानें गाळलींस.’

‘तुला कसें कळलें?’

‘बाळाला ताप भरला आणि पुढच्या वाक्याला तें अंगणांत खेळूं लागलें. मधलें कोण वाचणार? तीं पानें आधीं वाच.’

मीं वाचलीं. मधून मधून तें हळू ‘हूं’ येत होतें, आणि मी थांबत होतों. अर्ध्या तासानें तिनें विचारलें, ‘आज घरांत कोणी नाहीं का रे?’

‘सगळीं आहेत. कां?’

‘कुकरची शिट्टी नाहीं, कोणाचें बोलणें नाहीं, रस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे नाहींत. तीन दिवस तुझ्या घरांत येऊन बसल्यासारखें वाटत होतें.’

हेडसेटचा माइक ओठांशीं असतो. तो माझा शब्द टिपतो आणि घराचा गलका बराचसा बाहेर ठेवतो. त्याच्या किंमतींत या गुणाचा मोठाच वांटा होता. मीं आवाजाची खिडकी पुन्हां उघडली. ऐकण्याच्या रकान्यांत हेडसेट तसाच राहूं दिला, बोलण्याच्या रकान्यांत कॅमेऱ्याचा माइक निवडला. दोन्ही एकाच वस्तूचे असले पाहिजेत असा नियम नाहीं, हेंहि मला त्या दिवशींच समजलें.

‘मामा, यानें आवाजाचा दर्जा उतरतो,’ भाचा म्हणाला. उतरतो खरा. काल रात्रीं वाचन रंगांत आलें असतांना स्वयंपाकघरांत कांहींतरी मोठ्यानें पडलें. मी वाचीत राहिलों, पण पलीकडचा हुंकार थांबला होता.

‘थांब जरा,’ अक्का म्हणाली. ‘आधीं पाहून ये, काय फुटलें तें.’