एक्सपी, काका आणि एक कागद

ओएसआय मॉडेलचे सातही थर आपण परीक्षेत घडाघडा लिहितो. पण दोन पिढ्यांची यंत्रं एकमेकांना जोडून फक्त एक कागद छापून दाखवा म्हटलं, तर?

कळमेश्वरला आमच्या काकांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. तिथे विंडोज एक्सपीचा जुना डबा अजून चालतो. त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपला, पण फेकणार कसा? वारसाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळे नमुने त्यातच आणि तेही युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये. दुसरीकडे उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! त्याचा प्रिंटर मेला, तेव्हा काकांनी नेटवर्कवाला नवा आणला आणि सुट्टीत घरी आलेल्या माझ्याकडे पाहिलं.

आधी शेजारच्या विंडोज 11 वरून प्रिंटर शेअर केला. एक्सपीला तो दिसेचना! कारण एक्सपीला फाइल-प्रिंटर शेअरिंगची एकच बोली येते, एसएमबी-1. मे 2017 मध्ये वॉनाक्राय याच बोलीतल्या भगदाडातून पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती बंदच येऊ लागली. सेटिंगमध्ये एक टिक मारली की चालू होते म्हणा. पण त्याच मशीनवर गिऱ्हाइकांच्या आधारकार्डांचे स्कॅन असतात. आपल्या सोयीसाठी लोकांचं दार उघडं टाकायचं? मन होईना.

दुपारपर्यंत काका वैतागले. "काहून बे, तीन वर्षं इंजिनिअरिंग करून एक कागद नाही निघत का?"

मग मधला कॉम्प्युटरच वगळला. प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता दिला आणि एक्सपीवरून थेट त्याच्या 9100 पोर्टवर छापायचं ठरवलं. एक्सपीने इंटरनेटवर भटकू नये म्हणून गेटवेचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला. आता ड्रायव्हर! या प्रिंटरचा एक्सपीसाठी निघालेलाच नाही. पण प्रिंटरला पीसीएल ही जुनी भाषा कळत होती, आणि एक्सपीच्या पोटात पीसीएलचे जुने ड्रायव्हर होतेच. त्यातला एक लावला... आणि निघाला की कागद! काना-मात्रेसकट.

बिघडलेलं कोणीच नव्हतं. दोघांना कळेल अशी भाषा तेवढी सापडायची होती. कॉन्व्हेंटमधून आलेली इंग्रजी पत्रं मी आईला मराठीत सांगायचो, तसंच काहीसं.

बाकावर ताटकळलेल्या आजोबांनी अर्ज घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि यंत्राकडे न बघताच ते तहसीलकडे चालू लागले.