गडाची चाल

पुण्याहून जेजुरी पन्नासेक किलोमीटर. सकाळी निघायचं, दर्शन उरकायचं, जाता जाता मोरगावचा गणपती करायचा आणि दिवेलागणीला घरी परतायचं, असा बेत कितीतरी घरांत ठरतो. त्यातला ‘उरकायचं’ हा शब्द मला खटकतो. जेजुरीचा खंडोबा अनेकांचं कुलदैवत. म्हणजे तिथे एकटंदुकटं माणूस जात नाही, अख्खं कूळ जातं. आणि कूळ चढणार असेल तर गडावरची चाल घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाची हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला आधार जेजुरीच्या आचारातच सापडतो.

तळी भरण्याचंच पाहा. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवतात. ते एकट्याने उचलत नाहीत. पाच, सात अशा विषम संख्येने माणसं लागतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत सगळ्यांनी मिळून ताम्हन वर न्यायचं असतं. एकाच्याच हाताला घाई झाली तर ताम्हन कलतं आणि हळदीची पिवळीधमक रास एका कडेला सरकते. नवं लग्न झालेला मुलगा बायकोला उचलून काही पायऱ्या, निदान पाच तरी, चढतो. फोटोत त्यातली हौस तेवढी दिसते; मला त्यात घरात नव्याने आलेल्या माणसाचा भार पहिल्यांदा आपल्या अंगावर घेणं दिसतं. देवाचा स्वतःचा संसारही असाच गडभर पसरलेला. म्हाळसा वर, देवाशेजारी. धनगराची बानू चढणीच्या वाटेवर, तिच्या वेगळ्या देवळात. धावतपळत वर निघालेल्यांना ती दिसतही नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गुडघे धरलेल्या आजीला शेकडो पायऱ्या चढायला लावणं हा श्रद्धेच्या नावाखाली छळच की. आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर जेजुरीने आधीच देऊन ठेवलं आहे. खंडोबाचं जुनं ठाणं कडेपठारावर, आजच्या गडकोटाहून उंच आणि आडवाटेला. वयामुळे ती चढण झेपेनाशी झालेल्या एका भक्तासाठी देव खालच्या टेकडीवर आला, अशी कथा सांगतात. म्हणजे ज्याला आपण आज जेजुरीगड म्हणतो, तो परंपरेच्याच सांगण्यानुसार एका थकलेल्या जिवासाठी केलेली सोय आहे! म्हणून डोलीला किंवा वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ साली सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीला मी कधी नावं ठेवणार नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्याने खुशाल बसावं, देवाचा पायंडाच तसा आहे. पण आजीला गाडीत बसवून ‘तू इथूनच हात जोड’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी वर पळायचं, हे काही केल्या पटत नाही. ज्याच्यासाठी देव खाली उतरला, त्यालाच आपण खाली सोडून जातो.

दुसरा आक्षेप वेळेचा. रजा मिळत नाही, पोरांच्या परीक्षा असतात, घाटात गाड्या तुंबतात. अडचण खरी आहे. पण मग मोरगाव पुढच्या खेपेला ठेवावं, आजीची विश्रांती कापू नये. सोमवतीला पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते तेव्हा, किंवा चंपाषष्ठीला, गडावर पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर साधा दिवस निवडावा. देव तोच असतो. काहीजण म्हणतात, टाक देव्हाऱ्यात आहे, तळी घरीही भरता येते, मग जायचंच कशाला? तेही खोटं नाही. पण देव्हाऱ्यासमोर सगळे बसलेले असतात. कोणाला कुठे धाप लागते, कोण मागे वळून बघतं आणि कोण बघत नाही, ते चढणीवरच कळतं.

तेव्हा यंदा जाणार असाल तर भंडाऱ्याची पुडी नातवाच्या हाती द्या, आजीला पुढे चालू द्या आणि ती टेकेल त्या पायरीवर सगळे टेका. वाटेत बानूला हात जोडा. आजी वर पोचेपर्यंत तळी मात्र उचलू नका.