जुन्या मोटारीचा सांगाडा

नवी वस्तू जोडताना पाहणे मौजेचे असते. परंतु जुनी वस्तू उकलताना पाहणे अधिक बोधप्रद असते. जोडणाऱ्याला ती वस्तू कशी व्हावयाची आहे, एवढेच ठाऊक असले तरी पुरते. उकलणाऱ्याला मात्र ती पूर्वी कशी होती, मधल्या काळात तिच्यावर काय काय गुदरले आणि पुन्हा ती कशी उभी राहावी, या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. शंभर वर्षांची मोटारगाडी उकलणारा कारागीर पाहिला, म्हणजे या म्हणण्याची सत्यता पटते.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत बॉडी आणि सांगाडा असे दोन वेगळे भाग नसतात. पत्र्याचे भाग सांधून जी पेटी तयार होते, तीच सारे ओझे पेलते. पूर्वी तसे नव्हते. खाली पोलादी सांगाडा असे. त्याला कारागीर 'चासी' म्हणतात. दोन लांब दांडे आणि त्यांना बांधून ठेवणारे आडवे दांडे, असे तिचे साधे रूप. इंजिन तिच्यावर बसवलेले, आणि कमानीचे पाटे, आस व चाके तिच्याखाली. आसने, दारे आणि टप असलेली बॉडी निराळी तयार करून बोल्टांनी या सांगाड्यावर आवळीत असत. म्हणूनच ती पुन्हा उतरवताही येते.

अशा गाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी'. ती अमेरिकेत १९०८ साली निघाली आणि १९२७ सालापर्यंत तशा सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या साखळीवर गाड्या जोडण्यास आरंभ झाला. पूर्वी एक चासी जोडण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागे. तो १९१४ साली सुमारे दीड तासावर आला. तयार बॉडी उतरणीवरून घसरत खाली यावी आणि वाट पाहत उभ्या असलेल्या चासीवर बसावी, अशी तेथील व्यवस्था होती. पुढे १९२६ साली मुंबईतही फोर्डची शाखा निघाली. शतक उलटल्यावर यांपैकी एखादी गाडी एखाद्या शेडच्या कोपऱ्यात सापडते. जी बॉडी चढवायला काही मिनिटे पुरली होती, ती उतरवायला आता कित्येक दिवस लागतात!

हे काम करणारे मिस्त्री सहसा वृद्ध असतात. अशाच एका मिस्त्रींना त्यांच्या हाताखालचा शिकाऊ मुलगा 'आप्पा' म्हणतो. काम हाती आले की आप्पा पहिल्या दिवशी पान्याला हातच लावीत नाहीत. ते गाडीभोवती फिरतात, दारे हळूच उघडून मिटून पाहतात, छायाचित्रे घेववितात आणि मुलाला वही काढावयास सांगतात. मग प्रथम टाकीतील पेट्रोल काढून घेतात. मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत ही टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे वाहत येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल थोडे असले म्हणजे उभ्या चढावर ते इंजिनापर्यंत पोचत नसे, आणि चालक गाडी वळवून चक्क उलटी चढवीत! पेट्रोल दूर गेल्यावर विजेच्या तारा सुटतात. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली जाते. नंतर टप, पुढची काच, आसने, तळाच्या फळ्या आणि सुकाणूचे चाक ही क्रमाक्रमाने उतरतात.

मग पाळी येते ती बोल्टांची. गंजाने बोल्ट आणि नट यांचे जणू एकच शरीर झालेले असते. बळ करावे तर बोल्ट तुटतो. आप्पा त्यावर पातळ तेल सोडतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी पाना किंचित पुढे, किंचित मागे, असा फिरू लागतो. एकदा बोल्ट निघाला आणि त्याबरोबर चामड्याचा एक काळपट तुकडा खाली पडला. मुलगा म्हणाला, "आप्पा, हा चिरगूट टाकून देऊ ना?"

"अरे, थांब!" आप्पा म्हणाले, "तो कुठल्या बोल्टाखाली होता, ते आधी वहीत लिही. बॉडी नि चासी यांच्यामध्ये तो उगाच ठेवलेला नाही. दार नीट मिटावे म्हणून कुणीतरी तेवढीच जाडी मोजून तो बसवला आहे. तो हरवला, तर उद्या दार मिटणार नाही, आणि का मिटत नाही हे तुला मला कळणारही नाही."

मुलाने तो तुकडा जपून डबीत ठेवला आणि डबीवर आकडा घातला.

सर्व बोल्ट निघाले, आता बॉडी उचलावयाची, एवढ्यात आप्पांनी दाराखालच्या लाकडी तुळवटात टोच्या खुपसून पाहिला. तो लोण्यात शिरावा तसा आत शिरला. त्या काळच्या बॉडीचा पत्रा बाहेरून पोलादी दिसला, तरी आतला आधार पुष्कळदा लाकडाचा असे. वरून रंग चकाकत होता. आत ओलाव्याने लाकडाचा भुगा झाला होता. गाडीच्या मालकांना जुन्या मोटारींचा मेळावा गाठावयाचा होता. ते म्हणाले, "मिस्त्री, आजच उचलली तर?"

"उचलायला पाच मिनिटे पुरतील, साहेब," आप्पा शांतपणे म्हणाले, "पण खाली बॉडी उतरेल की लाकूडपत्र्याचा ढीग उतरेल, एवढाच प्रश्न आहे."

"मग सरळ नवीच बॉडी करून घेऊ."

"करता येईल. पण ती तुमच्या आजोबांची गाडी राहणार नाही. कुजले तेवढेच बदलू या."

मालक बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिले. त्याच दारातून त्यांना लहानपणी आजोबांनी उचलून आत बसवले होते. अखेर ते म्हणाले, "मेळावा पुढच्या वर्षीही भरेल."

मग दारांच्या चौकटींत आडवी आणि तिरपी लाकडे आवळून त्या ताठ केल्या गेल्या. पत्र्याखालून दोन भक्कम वासे सरकवले गेले. साखळीच्या कप्पीने बॉडी बोटभर उचलून आप्पांनी सर्वांना थांबविले. एखादी तार राहिली आहे काय, कोठे बोल्ट अडकला आहे काय, हे त्यांनी खाली वाकून पाहिले. तसे काही नव्हते. मग बॉडी अलगद वर गेली, चासी खालून ढकलून बाहेर काढली गेली, आणि बॉडी लाकडी घोड्यांवर टेकली. एकही चौकट वाकली नाही.

उघड्या पडलेल्या त्या सांगाड्यात दिमाख असा काही नव्हता. पुढे एक आणि मागे एक, असे दोन आडवे पाटे, तेलकट इंजिन, धुळीने माखलेले दांडे. आप्पांनी मुलाच्या हाती फीत दिली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही अंतरे मोजावयास सांगितली. आयताचे कर्ण समान असतात, हे मुलगा शाळेत शिकला होता; त्याचा उपयोग त्याला आज प्रथमच दिसला. दोन्ही मापे सारखी भरली. सांगाडा कोठेही मुरडला नव्हता. "हाड शाबूत आहे," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले.

जुन्या वस्तूंविषयी माणसे दोन प्रकारे वागतात. काही त्यांना अडगळ म्हणून टाकून देतात, तर काही त्यांच्यावर नवा रंग चढवून समाधान मानतात. कारागिराची वाट तिसरी असते. तो रंगाखाली पाहतो, कुजलेले कुजलेले म्हणून मान्य करतो आणि टिकलेले हिशेबाने जपतो. त्यासाठी हातात बळ लागते, पण त्याहून अधिक लागतो तो धीर. दारे, आसने आणि चकाकी यांचे कौतुक सर्वच करतात. पण त्या साऱ्यांचा भार ज्याने शंभर वर्षे मुकाट्याने वाहिला, त्या सांगाड्याची ओळख बॉडी उतरविण्याचे कष्ट घेणाऱ्यालाच होते.